हर की दून: राखीव दिवस ओसल्यात ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीचे पाच जण, वय २८ ते ५४. सह्याद्रीत दर महिन्याला एखादा गड होतो, हिमालय मात्र पहिल्यांदाच. दिवाळीच्या सुट्टीत, ट्रेकिंग कंपनीशिवाय, गावांत मुक्काम करत उत्तराखंडातलं हर की दून खोरं जमेल का? सांकरी या पायथ्याच्या गावापासून परत सांकरीपर्यंत पाच दिवस धरलेत आणि शेवटी एक दिवस राखीव.

जमेल. पण तो राखीव दिवस शेवटी ठेवू नका. तो ओसल्यात, म्हणजे वाटेवरच्या शेवटच्या गावात, वरच्या चढाईच्या आधी ठेवा. बाकी सगळं नियोजन या एका बदलाभोवती बसवलं तरी चालेल.

आधी उंचीचा हिशेब पाहू. कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरी सुमारे १,९५० मीटर, म्हणजे तुम्ही जीपमधून उतरता तेच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या वर. ओसला साधारण २,६०० आणि हर की दून सुमारे ३,५६०. शेवटच्या एका दिवसात जवळजवळ हजार मीटर उंची वाढते आणि तिथेच झोपायचं असतं. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण नियम आहे. हर की दूनला तो पाळणं अवघड, कारण मध्ये गाव नाही. म्हणून ओसल्यात दोन रात्री काढायच्या. मधल्या दिवशी फक्त पाण्याची बाटली आणि जॅकेट घेऊन कलकत्तियाधारपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास, चढून जायचं, तासभर बसायचं आणि परत ओसल्याला झोपायला यायचं. शरीराला वरच्या हवेची ओळख होते, झोप मात्र खाली मिळते. हवामान बिघडलं तर हाच दिवस पुढे सरकवता येतो. शेवटी ठेवलेला राखीव दिवस बहुतेक वेळा सांकरीत चहा पिण्यात जातो.

सह्याद्रीतल्या माणसाची अडचण फिटनेसची नसते, वेगाची असते. एका दिवसात गड उरकून शेवटची एसटी पकडायची सवय पायात मुरलेली असते. इथे तोच वेग पहिल्या दिवशी छान वाटतो आणि तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवा. पाचांतला सगळ्यात हळू चालणारा पुढे, सगळ्यात अनुभवी शेवटी. तयारी म्हणून निघण्याआधी सहा-आठ आठवडे जिना किंवा टेकडी, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. सलग दोन दिवस चालण्याची सवय जास्त महत्त्वाची. पन्हाळा ते पावनखिंड दोन दिवसांत, त्याच सॅकसह आणि त्याच बुटांत करून बघा. बूट नवे असतील तर चाळीस-पन्नास किलोमीटर पायात फिरलेले हवेत.

विरळ हवेच्या त्रासाबद्दल स्पष्ट सांगतो. वर गेल्यावर डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, भूक नसणं, चक्कर किंवा विचित्र थकवा यांतलं काही असेल, तर ते ॲसिडिटी नाही, पित्त नाही, उन्हाचं नाही. दुसरं ठोस कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली आणायचं. हर की दूनहून ओसला हजार मीटर खाली आहे, आणि तेवढं उतरल्याचा फरक बहुधा लगेच जाणवतो. ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच. चोपन्न वर्षांच्या सदस्याने रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्यावा. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य, कारण झोपेत श्वास आधीच उथळ होतो.

आता पोचायचं कसं. मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, तिथून डेहराडून पन्नासेक किलोमीटर. विमानाने आलात तर जॉली ग्रँटवर उतरून शहरात यायचं. डेहराडून ते सांकरी सुमारे दोनशे किलोमीटर, आणि हे दोनशे म्हणजे आपले दोनशे नव्हेत: आठ ते दहा तास. मसुरी, यमुना पूल, नैनबाग, डामटा, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड, सांकरी असा क्रम. मसुरीत सुट्टीची गर्दी असेल तर विकासनगरवरून यमुना पुलाला येणारा रस्ता बरा. बस आणि शेअर जीप पहाटे-सकाळीच सुटतात. दहाला स्टँडवर पोचून गाडी मिळेल हे गृहीत धरू नका. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, पहिल्या उलटीनंतर नव्हे.

पैसे पुरोल्यात काढा. पुढे एटीएमच्या भरवशावर राहायचं नाही, आणि वरच्या गावांत नेटवर्क नसल्यावर यूपीआयचा उपयोग नाही. शंभर-दोनशेच्या नोटा हव्यात. ओसल्यात पाचशेचे सुटे मागणं म्हणजे घरमालकिणीला चार घरं हिंडवणं. नैटवाडला रुपिन आणि सुपिन या दोन नद्या मिळतात आणि तिथून पुढे नदीचं नाव टोन्स. टोन्स पुढे यमुनेला मिळते तेव्हा तिच्यात यमुनेपेक्षा जास्त पाणी असतं, तरी नाव यमुनेचंच राहतं. हे सगळं खोरं गोविंद पशु विहार या अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मोडतं. वन खात्याची परवानगी आणि शुल्क नैटवाड-सांकरीकडेच भरायचं असतं. प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या दोन प्रती, दोन फोटो आणि डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

वाट ठळक आहे, चुकण्यासारखी नाही. तरीही सांकरी किंवा ओसल्याचा गाईड घ्या. तो रस्ता दाखवायला लागत नाही. कोणत्या घरात जागा आहे, कोणता लाकडी पूल या पावसाळ्यात वाहून गेला, देवळाच्या ओट्यावर कुठपर्यंत जायचं, हे त्याला माहीत असतं. आणि त्याची मजुरी त्याच खोऱ्यात राहते. ठरवताना त्याचं जेवण-मुक्काम धरून रोजचा आकडा बोलून घ्या.

सांकरीहून जीपने अकरा-बारा किलोमीटरवर तालुका. तालुका हे गावाचं नाव आहे, कचेरी शोधू नका. पुढे सीमा नावाचंही ठिकाण येतं, तिथेही कुठली सीमा नाही. जीपचा रस्ता वरच्या अंगाला सरकत चालला आहे, त्यामुळे पायी चालणं नेमकं कुठून सुरू होणार हे सांकरीतच विचारा. मध्ये दोन-तीन ओढे रस्त्यावरूनच वाहतात. तालुक्यापासून सुपिन नदीच्या कडेकडेने, अक्रोड, देवदार आणि पाईनच्या सावलीतून वाट जाते. गंगाड सुमारे नऊ-दहा किलोमीटर, ओसला चौदा. पहिल्या दिवशी गंगाडला थांबा. ओसला गाठता येतं, पण पोचेपर्यंत अंधार होतो आणि खोऱ्यात ऊन चारच्या सुमारास डोंगराआड जातं. ऊन गेलं की दहा मिनिटांत थंडी अंगात शिरते, तेव्हा घाम ओला असणं वाईट.

या वाटेवर खच्चरं सतत येतात-जातात. घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभं राहा. दरीच्या बाजूला कधीच नाही. खच्चर आपल्या पाठीवरच्या गोणीची रुंदी मोजत नाही. गोणीचा हलका धक्का माणसाला खाली घालवायला पुरतो. मेंढ्यांचे कळप दिसले तर लांबूनच मेंढपाळाला हाक द्या. त्यांचे भोटिया कुत्रे बिबट्याशी झुंजायला ठेवलेले असतात. काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो त्यासाठीच. बिस्किट दाखवून दोस्ती करायची जागा ती नव्हे. वाटेकडेला बिच्छू घास असते, इथे तिला कंडाली म्हणतात. हात लागला तर चोळू नका, त्याने काटे आत जातात. पाण्याने धुवा किंवा चिकटपट्टी लावून ओढा. तीच कंडाली उकळली की तिची आग जाते आणि भाजी होते, मिळाली तर जरूर खा.

गंगाडच्या अलीकडे पलीकडे ओढ्यावर घराट दिसेल. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर तिचा हा गरीब भाऊ. दगडी खोपटं, आत जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा. ओढ्याचं पाणी गूल म्हणजे पाटाने आणून पोकळ लाकडी पन्हाळीतून तिरकं खाली सोडतात. ते खोपटाखालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. चाकाचा दांडा खालच्या जात्याच्या भोकातून वर येऊन वरची तळी फिरवतो. वर टांगलेल्या टोपलीतून दाणे पडतात, पण आपोआप नाही: टोपलीला बांधलेली एक काडी फिरत्या तळीला घासत राहते, तिच्या थरथरीने दाणे एकेक करून ओघळतात. पाणी वाढलं की तळी जोरात फिरते, काडी जास्त हलते, दाणेही जास्त पडतात. वेग आणि दाणा आपसांतच जुळवून घेतात. दळणाचा मोबदला बहुधा पिठातच देतात. आत जायचं तर आधी विचारा, आणि सॅक बाहेर ठेवा. पन्हाळीला धक्का लागला तर पाणी भलतीकडे जातं आणि दळण थांबतं.

दळलेलं पीठ बघितलं की सांगलीकराला ओळख पटेल. मडुवा किंवा कोदा म्हणजे आपली नाचणी. चौलाई, रामदाना म्हणजे राजगिरा. झंगोरा हा आपल्या भगरीच्या जातकुळीतला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओसल्याच्या उतरणीवरची शेतं राजगिऱ्याच्या कणसांनी लालभडक असतात. दिवाळीपर्यंत बहुतेक कापणी होऊन कणसं छतावर वाळत पडलेली दिसतील, शेजारी राजमा आणि मका. म्हणजे आंगण, छत, पायवाट सगळीकडे कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे. चांगला फोटो मिळावा म्हणून छतावर चढू नका.

घरं नीट बघा, घाईत बघण्यासारखी नाहीत. देवदाराच्या तुळया आणि सुके दगड यांचे थर एकाआड एक, मध्ये चुना-सिमेंट नाही. कोपऱ्यात तुळया एकमेकींत खाचा करून अडकवलेल्या असतात, त्यामुळे जमीन हलली की घर थोडं डोलतं पण उकलत नाही. उत्तरकाशी जिल्ह्यात १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये मोठा भूकंप झाला. अशा जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या हीच बांधणी का टिकली, ते त्या कोपऱ्यातल्या सांध्यावर हात ठेवला की कळतं. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब फळ्यांतून वर येते, आणि वासही येतो, तो मान्य करायचा. धान्याचं कोठार घरापासून वेगळं, सगळं लाकडाचं, छोट्या दाराचं. वेगळं असण्याचं मुख्य कारण आग: घर गेलं तरी दाणा वाचावा.

ही भीती जुनीपुराणी नाही. सांकरीजवळच्या सावणी गावात २०१८ च्या फेब्रुवारीत आग लागून एका रात्रीत बरीच घरं जळाली. घरं एकमेकांना टेकलेली, लाकूड वाळून कोरडं ठाक, आणि हिवाळ्यासाठी गच्चीत-सज्जात गवत भरलेलं. म्हणून गावात सिगारेट नाही, फटाका नाही. दिवाळीची सुट्टी आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय: फुलबाजीसुद्धा नाही. तसंही रवाईं-जौनसार भागातल्या बऱ्याच गावांत दिवाळी आपल्यानंतर महिन्याभराने, तिकडच्या पंचांगाप्रमाणे मार्गशीर्षात येते. तुमच्या लक्ष्मीपूजनाला ओसल्यात साधी रात्र असेल. एखाद्या गावात सण किंवा लग्न चालू असलंच, तर ढोल-दमाऊच्या तालावर हात गुंफून गोल धरतात, तांदी किंवा रासो. बाहेरच्या माणसाला कुणी हात दिला तर सामील व्हायचं, आपणहून मध्ये घुसायचं नाही.

सीमा वाटेवरच आहे, ओसला नदीपलीकडे उतारावर, थोडं चढून. ट्रेकर बहुतेक सीमेच्या बाजूला किंवा वर शेतांपाशी तंबू टाकून निघून जातात, त्यामुळे गाव बघायचं राहून जातं. ओसल्याच्या मध्यभागी कोरीव लाकडाचं देऊळ आहे. गाईड मंडळी आणि इंटरनेट ते दुर्योधनाचं देऊळ म्हणून सांगतात. हे दुर्योधनाच्या प्रजेचं खोरं आणि टोन्स त्यांच्या आसवांची नदी, अशी कथाही जोडतात. गावात विचाराल तर देव सोमेश्वर. दोन्ही गोष्टी ऐका, पण घरमालकाला ‘तुम्ही कौरवांचे वंशज ना?’ असं विचारू नका. तो प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलाय आणि त्यात त्यांना गंमत वाटत नाही. पांडवांवरून बहुपतित्वाच्या जुन्या प्रथेकडे वळणारे प्रश्नही तसेच. त्यापेक्षा देव सध्या कुठल्या गावात आहे ते विचारा. सोमेश्वराची पालखी खोऱ्यातल्या गावांमधून फिरते, हे आपल्याकडच्या ग्रामदेवतेच्या पालखीसारखंच आहे आणि त्यावर माणसं भरभरून बोलतात. देवळाच्या अंगणात जाण्याआधी बूट आणि चामड्याचा पट्टा काढा, गाभाऱ्यात शिरू नका, ओट्यावर बसून बिस्किटं खाऊ नका, पालखीचा फोटो विचारूनच. नैटवाडला पोखू देवतेचं देऊळ आहे, तिथे देवाकडे पाठ करून पूजा होते. परतीच्या वाटेवर थांबलात तर तिथला रिवाज पुजारी सांगेल तसा पाळा.

माणसांना ‘भैजी’, बायकांना ‘दीदी’ म्हणा. हिंदी सगळ्यांना कळते. घरात चुलीभोवती बसायला बोलावतील. चुलीच्या कडेला पाय लावू नका, तिच्यात प्लास्टिकचं वेष्टण टाकू नका. आपल्या आज्ज्यांच्या घरी जे चाललं नसतं ते इथेही चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं की बहुतेक चुका टळतात. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. गावोगावी ‘मिठाई, मिठाई’ म्हणत मागे लागणारी पोरं पर्यटकांनीच तयार केली आहेत.

जेवणात राजमा-भात, बटाटा, कोद्याची भाकरी, कधी पुरोल्याकडचा लाल तांदूळ. ऑर्डर देताना वेळेचा विचार करा. पाणी दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने लवकर उकळतं; ओसल्यात सुमारे ९१ अंशांवर, हर की दूनला ८८ वर. उघड्या भांड्यात राजमा तिथे दिवसभर ठेवला तरी दडसच राहील. म्हणून वर स्वतः रांधायचं असेल तर कुकर हवा, नाहीतर मसूर डाळ, पोहे, शेवया, रवा. आपली शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू वर फार कामाला येतात, कारण भूक मेलेली असताना ओळखीची चव घशाखाली उतरते. प्रत्येकी तीन-चार लिटर पाणी रोज. क्लोरीनच्या गोळीला साध्या पाण्यात अर्धा तास लागतो, थंडगार पाण्यात तासभर धरा. पोकळ धाग्यांचा फिल्टर रात्री बाहेर ठेवला आणि आतलं पाणी गोठलं तर तो कायमचा निकामी होतो, आणि बाहेरून कळतही नाही. तो झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये.

ओसला ते हर की दून अकरा-बारा किलोमीटर. एका दिवसात जाऊन परत येणारे असतात. तुम्ही तसं करू नका, बावीस-चोवीस किलोमीटरच्या त्या फेरीत वर जेमतेम अर्धा तास मिळतो. सकाळी सातला निघा. शेतं संपेपर्यंत चढ, मग कलकत्तियाधारचा दमछाक करणारा टप्पा, पुढे मोकळी कुरणं, मग भूर्जाचं जंगल. भूर्जाची साल सोलू नका. आडवी सोललेली साल परत येत नाही आणि झाड वाळतं. समोर स्वर्गारोहिणीचा डोंगरपुंज असतो, त्यातलं मुख्य शिखर ६,२५२ मीटर. हर की दून ही प्रत्यक्षात दोन खोऱ्यांच्या बेचक्यातली जागा: एका बाजूला जौंधार हिमनदीचं खोरं, दुसरीकडे मनिंदा ताल या तळ्याकडे आणि पुढे बोरासू खिंडीमार्गे हिमाचलातल्या किन्नौरकडे जाणारं. तुम्ही मनिंदा तालापर्यंत जा, अंतर थोडं आणि चढ सौम्य. बोरासू हा वेगळ्या तयारीचा विषय आहे.

दिवाळीच्या सुमारास या टप्प्यावर उंचीइतकाच धोका सकाळच्या काचेसारख्या बर्फाचा असतो. ओढ्याचे तुषार रात्री दगडांवर आणि लाकडी पुलाच्या फळ्यांवर गोठतात. ते दिसत नाही, ओल्या दगडासारखंच चमकतं. ऊन लागेपर्यंत थांबा, नाहीतर काठीने टोकरून बघा, मूठभर माती पसरा आणि पाय पूर्ण तळवा टेकवून ठेवा. पुलावर एका वेळी एकच जण, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. उन्हाळ्यात ओढे दुपारनंतर बर्फ वितळून फुगतात. तुमच्या मोसमात ते कमी, पण ढग असतील तर दुपारचं ओलांडणं टाळाच.

मुक्कामासाठी वर वन खात्याचं आणि गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आहे. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर ती उघडी आहेत का, हे सांकरीत पक्कं करूनच निघा. कुरणावर तंबू टाकायचा विचार असेल तर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली होती हे लक्षात ठेवा. वनरक्षक दाखवेल तीच जागा. जागा मिळालीच नाही तर कलकत्तियाधारच्या पुढे जमेल तेवढं जाऊन दुपारी एकला, जिथे असाल तिथून, परत फिरा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, स्वर्गारोहिणी त्याआधीच दिसलेली असते.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वर रात्री पारा शून्याखाली जातो. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा ‘कम्फर्ट’ आकडा बघा, तो उणे पाचच्या आसपास हवा. दुकानदार मोठ्या अक्षरातला ‘एक्स्ट्रीम’ आकडा दाखवतो. त्याचा अर्थ त्या तापमानात माणूस जेमतेम जगेल, झोपेल असा नाही. कपडे तीन थरांत: अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरी, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं, मुक्कामावर पिसांचं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स सांगलीत. झोपताना वेगळे कोरडे मोजे, जे चालायला कधीच वापरायचे नाहीत. पाण्याची नळीवाली पिशवी वर निरुपयोगी, नळी आधी गोठते. रुंद तोंडाची बाटली घ्या, रात्री तिच्यात गरम पाणी भरून पायाशी ठेवा. फोन आणि पॉवर बँक अंगाजवळ. विमानाने येत असाल तर पॉवर बँक केबिनच्या बॅगेत आणि गॅसचा डबा कुठल्याच बॅगेत नाही. पायाला गरम चुरचुर जाणवली की तिथल्या तिथे थांबून टेप लावा. फोड आल्यावर लावलेला टेप फक्त समाधानासाठी असतो. उतरणीच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडून घरी याल.

शौचासाठी ओढ्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा. कागद आणि सॅनिटरी पॅड पिशवीत भरून खाली. गावात कचरा देऊन येणं म्हणजे तो मागच्या नाल्यात जाणं. सगळी वेष्टणं निदान डेहराडूनपर्यंत आणा.

मग तुमचा आराखडा असा होतो: पहिला दिवस सांकरी ते गंगाड, दुसरा ओसला आणि दुपारनंतर गाव, तिसरा कलकत्तियाधारची फेरी, चौथा हर की दून, पाचव्या सकाळी मनिंदा ताल करून ओसल्याला परत, सहावा सांकरी. एकूण दिवस तुम्ही धरलेत तेवढेच, फक्त राखीव दिवस मधे आला. सहाव्या दिवशी ओसल्याहून सातला निघा, म्हणजे दुपारी दोन-तीनला जीप मिळेल. अंधारात तो ओढ्यांचा रस्ता नको, आणि शरद ऋतूत अस्वलं संध्याकाळी मक्याच्या-सफरचंदाच्या वासावर खाली येतात.

राजमा ओसल्यातून जरूर न्या, पण उतरताना विकत घ्या. चढताना घेतलेले दोन किलो राजमे हर की दून बघून येतात. या वर्षीचाच आहे का विचारा, नवा दाणा चकचकीत असतो आणि लवकर शिजतो. घरी रात्रभर भिजवा, आणि ओसल्याच्या दीदीने सांगितल्यापेक्षा दोन शिट्ट्या कमी करा. तिचा कुकर हजारो फूट उंचीवरचा आहे, तुमचा कृष्णाकाठचा.